अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार, निवडणुकीचा पैसा आणि सरकारी सुधारणा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘राजकारणातला पैसा हटवू’ असे उमेदवार म्हणतो, त्यातून काय समजायचे?

तेवढ्यावरून काहीच नाही. हे वाक्य दोन्ही पक्षांचे उमेदवार दर चार वर्षांनी म्हणतात. पाहायचे ते दोन ठिकाणी. एक, हे काम तो कोणत्या मार्गाने करणार? दोन, आज स्वतःच्या प्रचारात तो काय करतो आहे?

मार्ग चारच आहेत : कार्यकारी आदेश, नेमणुका, काँग्रेसचा (म्हणजे अमेरिकी संसदेचा) कायदा आणि घटनादुरुस्ती. पहिला मार्ग पूर्णपणे अध्यक्षाच्या हातात असतो. महत्त्वाच्या नेमणुकांना सिनेटची, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाची, संमती लागते. कायद्यासाठी सिनेटमध्ये बहुधा ६० मते जमवावी लागतात. घटनादुरुस्तीत तर अध्यक्षाची सहीसुद्धा लागत नाही. गंमत अशी की सर्वांत जोरकस आश्वासने नेमकी या चौथ्या मार्गाची असतात.

घटनादुरुस्तीचे आश्वासन किती गांभीर्याने घ्यावे?

फारसे नाही. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते आणि त्यानंतर ५० पैकी ३८ राज्यांची मंजुरी लागते. निवडणूक खर्चावर बंधने घालण्याचा अधिकार काँग्रेसला देणारी दुरुस्ती सप्टेंबर २०१४ मध्ये सिनेटमध्ये आली. तिला ५४ विरुद्ध ४२ मते पडली. म्हणजे ६७ सोडाच, चर्चा संपवायला लागणारी ६० मतेही जमली नाहीत.

हिलरी क्लिंटन यांनी जुलै २०१६ मध्ये पहिल्या ३० दिवसांत अशी दुरुस्ती ‘मांडण्याचे’ आश्वासन दिले होते. बायडेन यांच्या २०२० च्या आराखड्यातही दुरुस्ती होती, आणि तिच्यातून संघीय निवडणुका पूर्णपणे सरकारी पैशावर लढवायच्या होत्या. ‘मांडू’ आणि ‘करू’ यांत ३८ राज्यांचे अंतर आहे. अमेरिकेची शेवटची, २७ वी, दुरुस्ती १९९२ मध्ये अमलात आली. तिचा प्रस्ताव १७८९ चा होता.

मग कायद्याने काही झाले आहे का?

झाले आहे, पण क्वचित. १९७१ चा फेडरल इलेक्शन कॅम्पेन अ‍ॅक्ट आणि वॉटरगेटनंतरच्या १९७४ च्या दुरुस्त्या हा पाया. त्यातूनच देणगीच्या मर्यादा आणि फेडरल इलेक्शन कमिशन (यापुढे एफईसी) आले. दुसरा मोठा टप्पा २००२ चा मॅकेन-फाइनगोल्ड कायदा. पक्षांना मिळणारा अमर्याद ‘सॉफ्ट मनी’ त्याने बंद केला. जाहिरातीच्या शेवटी उमेदवार ‘या संदेशाला माझी मान्यता आहे’ असे स्वतःच्या तोंडाने सांगतो, तेही याच कायद्यामुळे.

त्यानंतरचे प्रयत्न सिनेटमध्ये अडले. देणगीदारांची नावे उघड करायला लावणारा डिस्क्लोज अ‍ॅक्ट सप्टेंबर २०१० मध्ये ५९ विरुद्ध ३९ वर थांबला, एका मताने. ‘एच. आर. १’ हे निवडणूक-सुधारणांचे मोठे विधेयक प्रतिनिधीगृहात २०१९ आणि २०२१ मध्ये दोनदा मंजूर झाले. जून २०२१ मध्ये सिनेटमध्ये ५०-५० वर त्याची गाडी रुतली. त्यात छोट्या देणग्यांना सहापट जोड होती : २०० डॉलरच्या देणगीवर आणखी १,२०० डॉलर निधीतून. कमला हॅरिस यांनी २०२४ मध्ये पाठिंबा दिलेला ‘फ्रीडम टू व्होट अ‍ॅक्ट’ हे त्याच विधेयकाचे आटोपशीर रूप.

एकूण प्रचारखर्चावर मर्यादा का घालत नाहीत? भारतात तर आहे.

कारण सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. ‘बकली विरुद्ध व्हॅलेओ’ या १९७६ च्या निकालाने दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. दुसऱ्याला पैसे *देण्यावर* मर्यादा चालते, कारण त्यात भ्रष्टाचाराचा धोका आहे. पण स्वतः *खर्च करण्यावर* चालत नाही, कारण तो अभिव्यक्तीचा भाग. पुढची सगळी गुंतागुंत या एका फरकातून आली आहे. उमेदवाराने स्वतःचा पैसा ओतण्यावर मर्यादा नाही, तीही यामुळेच. मूळचे बेळगावकडचे श्री ठाणेदार यांनी मिशिगनमधल्या निवडणुकांत मोठा खर्च स्वतःच्या खिशातून केला, तो याच मोकळिकीवर.

भारतात गणित उलटे आहे. महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपयांची आणि गोव्यात ७५ लाखांची मर्यादा आहे, पण पक्षाच्या खर्चाला नाही. इथली पळवाट पक्षातून जाते, तिथली उमेदवाराबाहेरच्या ‘स्वतंत्र’ गटांतून.

एका व्यक्तीला किती देणगी देता येते?

२०२५-२६ साठी एका उमेदवाराला प्रत्येक निवडणुकीमागे ३,५०० डॉलर. प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) आणि अंतिम निवडणूक वेगळ्या धरतात, म्हणून एकूण ७,०००. अध्यक्षपदासाठी सगळ्या राज्यांच्या प्रायमरी मिळून एकच निवडणूक मानली जाते. आयोवासाठी वेगळे आणि न्यू हॅम्पशायरसाठी वेगळे असे होत नाही. रोख रक्कम १०० डॉलरपर्यंतच आणि निनावी ५० पर्यंत. एकाच उमेदवाराला दिलेली एकूण रक्कम २०० डॉलरच्या वर गेली की नाव, पत्ता, व्यवसाय आणि नोकरीचे ठिकाण नोंदवले जाते. ३,५०० ची मर्यादा दर विषम वर्षी महागाईनुसार बदलते, म्हणून जुना आकडा गृहीत धरू नका.

मग एका जेवणाच्या ताटाला आठ लाख डॉलर कसे घेतात?

‘जॉइंट फंडरेझिंग कमिटी’मधून. उमेदवार, राष्ट्रीय पक्ष आणि चाळीसेक राज्य-पक्ष एकत्र येऊन एकच चेक घेतात आणि आपापसांत वाटतात. उमेदवाराच्या वाट्याला कायद्याने ठरलेले काही हजारच येतात, पण प्रत्येक राज्य-पक्षाची वर्षाला १०,००० ची मर्यादा वेगळी असल्याने बेरीज फुगते. पूर्वी एका व्यक्तीच्या सगळ्या देणग्यांवर मिळून एक कमाल मर्यादा होती. ‘मॅकचन’ खटल्याच्या एप्रिल २०१४ च्या निकालात ती गेली. २०२४ मध्ये ट्रम्प आणि बायडेन, दोघांच्याही अशा समित्या एका देणगीदाराकडून आठ लाखांच्या वर घेत होत्या. म्हणून ‘आमची देणगी मर्यादित आहे’ हे वाक्य ऐकले की विचारावे, कोणत्या समितीची?

सुपर पॅक म्हणजे काय आणि ते उमेदवाराचे असते का?

कागदोपत्री नसते. ‘सिटिझन्स युनायटेड’ या २१ जानेवारी २०१० च्या निकालाने कंपन्यांना आणि कामगार संघटनांना स्वतंत्र खर्चाची मुभा दिली. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘स्पीचनाऊ’ निकालाने अशा खर्चासाठी अमर्याद देणग्या घेणेही मोकळे केले. या दोन निकालांचे अपत्य म्हणजे सुपर पॅक : अमर्याद देणग्या घेऊन स्वतंत्र खर्च करणारी समिती. अट एकच : उमेदवाराला थेट पैसे द्यायचे नाहीत आणि त्याच्याशी संगनमत करून खर्च करायचा नाही.

संगनमताच्या नियमाला बऱ्याच फटी आहेत. सर्वांत मोठी फट उमेदवारी जाहीर करण्याच्या तारखेत. जोवर माणूस अधिकृत उमेदवार नाही, तोवर तो सुपर पॅकसाठी पैसे गोळा करत फिरतो. रिपब्लिकन जेब बुश यांनी जून २०१५ मध्ये उमेदवारी जाहीर केली, तोवर त्यांच्या बाजूच्या ‘राइट टू राइज’कडे दहा कोटी डॉलर जमले होते. (हाती लागले चार डेलिगेट, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडणारे प्रतिनिधी. पैसा मते आणतोच असे नाही, हेही लक्षात ठेवा.) दुसरी फट मार्च २०२४ मध्ये एफईसीच्या सल्ल्याने रुंदावली : घरोघरी जाऊन मतदारांशी बोलण्याचे काम प्रचार यंत्रणेशी ठरवून करता येईल. त्या वर्षी इलॉन मस्क यांच्या ‘अमेरिका पॅक’ने ट्रम्प यांच्यासाठी हेच केले. मस्क यांनी त्या निवडणुकीत २५ कोटी डॉलरहून जास्त ओतले.

‘मी सुपर पॅक घेणार नाही’ हे आश्वासन कितपत टिकते?

आव्हान खडतर झाले की सहसा गळून पडते. ओबामांनी २०१० मध्ये सिटिझन्स युनायटेडवर संसदेसमोरच्या भाषणात न्यायमूर्तींच्या तोंडावर टीका केली. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांच्याच प्रचारयंत्रणेने ‘प्रायॉरिटीज यूएसए’ या सुपर पॅकला हिरवा कंदील दाखवला. बायडेन यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये विरोध मागे घेतला. लॉबीइस्टांची (पैसे घेऊन सरकारदरबारी इतरांची बाजू लावून धरणाऱ्यांची) देणगी आणि धनिकांचे खासगी कार्यक्रम नाकारून २०२० ची मोहीम उभी करणाऱ्या एलिझाबेथ वॉरेन यांनी फेब्रुवारीत आपल्या बाजूच्या सुपर पॅकला थांबा म्हणायचे नाकारले.

बर्नी सँडर्स बरेच टिकले, तरी २०१६ मध्ये परिचारिकांच्या संघटनेचा सुपर पॅक त्यांच्यासाठी खर्च करत होताच. कायद्याने उमेदवार त्याला रोखू शकत नाही. त्यामुळे ‘घेणार नाही’ या शब्दाला कायदेशीर अर्थ फार थोडा आहे. उमेदवाराने सुपर पॅकला जाहीरपणे थांबायला सांगितले का, आणि तो त्याच्या कार्यक्रमाला गेला का, हे दोन प्रश्न अधिक उपयोगी.

अध्यक्षीय निवडणुकीसाठी सरकारी निधी होता ना? त्याचे काय झाले?

कायद्यात तो अजून आहे. आयकर विवरणपत्रावर ३ डॉलरचा चौकोन असतो. त्यावर खूण केली तरी तुमचा कर वाढत नाही. भरलेल्या करातले ३ डॉलर या निधीत वळतात. प्रायमरीत पात्र व्हायला २० राज्यांत प्रत्येकी ५,००० डॉलर, तेही माणशी २५० पर्यंतच्या देणग्यांतून, गोळा करावे लागतात. मग प्रत्येक देणगीच्या पहिल्या २५० डॉलरला तेवढीच जोड मिळते. अंतिम लढतीत मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला ठोक रक्कम मिळते, पण बदल्यात खर्चाची मर्यादा स्वीकारावी लागते आणि खासगी देणग्या बंद कराव्या लागतात.

योजना कोसळली ती याच बदल्यामुळे. जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी २००० च्या प्रायमरीत जोड नाकारून नऊ कोटींहून जास्त उभे केले. २००४ मध्ये डेमोक्रॅट जॉन केरी आणि हॉवर्ड डीन यांनीही तेच केले. ओबामांनी आधी, विरोधकही मानणार असेल तर सरकारी निधीचा करार टिकवू, असे लेखी कळवले होते. १९ जून २००८ रोजी त्यांनी तो नाकारला. १९७६ पासून अंतिम लढतीत असे करणारे ते पहिले मोठ्या पक्षाचे उमेदवार. त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन यांनी ८.४१ कोटी घेतले आणि तेवढ्यातच लढले. ओबामांनी पूर्ण मोहिमेत सुमारे ७४.५ कोटी जमवले. २०१२ पासून दोन्ही पक्षांच्या एकाही अधिकृत उमेदवाराने ती ठोक रक्कम घेतलेली नाही. पक्षांच्या अधिवेशनांसाठीचा वाटा २०१४ मध्ये कायद्यानेच बंद होऊन बालरोग संशोधनाकडे वळला.

आता एखादा उमेदवार ‘सरकारी निधी पुन्हा उभा करू’ म्हणाला तर रक्कम किती वाढवणार आणि खर्चाची मर्यादा ठेवणार की काढणार, हे विचारा. मर्यादा ठेवली तर कोणीही घेणार नाही.

कोणत्या निवडणुकीत हा विषय खरोखर केंद्रस्थानी होता?

२००० च्या. डिसेंबर १९९९ मध्ये रिपब्लिकन मॅकेन आणि डेमोक्रॅट बिल ब्रॅडली न्यू हॅम्पशायरमधल्या क्लेअरमाँट गावी एकत्र आले आणि उमेदवारी मिळाल्यास पक्षाचा सॉफ्ट मनी घेणार नाही असे वचन दिले. गावही विचारपूर्वक निवडलेले : १९९५ मध्ये तिथेच बिल क्लिंटन आणि न्यूट गिंग्रिच यांनी सुधारणा आयोगासाठी हस्तांदोलन केले होते, आणि तो आयोग कधीच झाला नाही.

मॅकेन न्यू हॅम्पशायर जिंकले, पण उमेदवारी बुश यांना मिळाली. बुश यांची भूमिका वेगळी होती : कंपन्या आणि संघटनांचा सॉफ्ट मनी बंद, व्यक्तींचा चालू, आणि देणग्या तातडीने इंटरनेटवर जाहीर. डेमोक्रॅट उमेदवार अल गोर १९९६ च्या बौद्ध मंदिरातल्या निधीसंकलनामुळे अडचणीत होते. त्यांनी मॅकेन-फाइनगोल्ड हे आपण पाठवलेले पहिले विधेयक असेल असे म्हटले, शिवाय ७१० कोटी डॉलरचा लोकशाही निधी सुचवला. ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना पूर्ण सरकारी निधी हवा होता. शेवटी एन्रॉन बुडाल्यावर, मार्च २००२ मध्ये, कायद्यावर सही केली ती विरोध केलेल्या बुश यांनीच, तीही कोणताही समारंभ न करता.

ट्रम्प यांची भूमिका नेमकी कोणती?

२०१५ मध्ये : मी स्वतःच्या पैशावर लढतो, मला कोणी विकत घेऊ शकत नाही, सुपर पॅक वाईट. ऑगस्टमधल्या उमेदवारांच्या पहिल्या जाहीर चर्चेत, आपण देणग्या देत होतो आणि म्हणून राजकारणी आपले ऐकत होते, हे त्यांनी उघड मान्य केले. त्या निवडणुकीत स्वतःचे सुमारे ६.६ कोटी घातलेही. पण मे २०१६ पासून पक्षासोबत संयुक्त निधीसंकलन सुरू झाले. २०२४ मध्ये सुपर पॅक त्यांच्या मोहिमेचा कणाच होते.

त्यांचा खरा भर देणग्यांपेक्षा सरकारी यंत्रणेवर आहे. २२ ऑक्टोबर २०१६ च्या गेटिसबर्ग भाषणात काँग्रेस सदस्यांच्या कारकिर्दीवर मर्यादा, नोकरभरतीला स्थगिती, एका नव्या नियमामागे दोन जुने रद्द आणि पद सोडल्यावर अधिकाऱ्यांना लॉबिंगची पाच वर्षे बंदी अशी यादी होती. भरती आणि नियमांबाबतचे आदेश निघाले, कारण ते अध्यक्षाच्या हातात होते. कारकीर्द-मर्यादा निघाली नाही. १९९५ च्या ‘थॉर्नटन’ निकालानुसार ती घटनादुरुस्तीशिवाय शक्यच नाही.

‘शेड्यूल एफ’ हा काय प्रकार आहे?

१८८३ च्या पेंडलटन कायद्यापासून संघीय नोकऱ्या हळूहळू गुणवत्तेवर आल्या. सरकार बदलले तरी कारकून आणि तज्ज्ञ राहतात. धोरणाशी संबंध असलेल्या पदांना या संरक्षणातून बाहेर काढण्याचा ‘शेड्यूल एफ’ आदेश ट्रम्प यांनी २१ ऑक्टोबर २०२० रोजी काढला. बायडेन यांनी २२ जानेवारी २०२१ ला तो रद्द केला. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी तो नव्या नावाने पुन्हा आणला. अंदाज सुमारे ५०,००० पदांचा आहे. समर्थक म्हणतात, निवडून आलेल्याचे धोरण नोकरशाहीने अडवू नये. विरोधक म्हणतात, जुनी वशिल्याची पद्धत परत येईल. २०२३ मध्ये रिपब्लिकन उमेदवारीच्या शर्यतीतले विवेक रामस्वामी त्याही पुढे गेले : ७५ टक्के संघीय नोकरवर्ग कमी करायचा.

लॉबिंगवरची बंदी टिकते का?

आदेशाने घातलेली बंदी आदेशानेच जाते. बिल क्लिंटन यांनी २० जानेवारी १९९३ ला पाच वर्षांची बंदी घातली आणि जाता जाता, २८ डिसेंबर २००० ला, स्वतःच काढली. ट्रम्प यांनी २८ जानेवारी २०१७ ला घातली आणि कारकिर्दीच्या शेवटच्या तासांत काढली. दोन पक्ष, एकच शेवट. उमेदवाराला विचारायचा प्रश्न : हे आदेशात लिहिणार की कायद्यात?

छोट्या देणगीदारांचा आकडा खरा मानावा का?

जपून. सँडर्स यांची सरासरी २७ डॉलरची देणगी हे खरेच तळागाळातले बळ होते. पण २०१९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने उमेदवारांच्या जाहीर चर्चेच्या व्यासपीठासाठी ६५,००० देणगीदारांचा निकष आणला आणि एक डॉलरच्या देणग्यांची शर्यत लागली. २०२३ मध्ये रिपब्लिकन पक्षाने ४०,००० देणगीदार मागितले, तर उमेदवार डग बर्गम यांनी एक डॉलर देणाऱ्याला २० डॉलरचे गिफ्ट कार्ड देऊ केले! उलट टोकाला अब्जाधीश मायकल ब्लूमबर्ग : २०२० मध्ये एकही देणगी नाही, स्वतःचे शंभर कोटींहून जास्त, आणि विजय फक्त अमेरिकन समोआत.

मी एच-१बी वर आहे. देणगी देता येईल का?

नाही. एच-१बी, एल-१, एफ-१, कोणत्याही व्हिसावर नाही. राज्य आणि स्थानिक निवडणुकांतही नाही. अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारक देऊ शकतात. विनामोबदला स्वयंसेवक म्हणून काम करता येते, मात्र पैसा कुठे खर्च करायचा या निर्णयात भाग घेता येत नाही.

नेहमी होणाऱ्या चुका अशा. जोडीदार ग्रीन कार्डवर आहे म्हणून त्याच्या नावाने तुमचे पैसे देणे : दुसऱ्याच्या नावाने दिलेली देणगी हा गुन्हा आहे. मुंबईत जन्मलेले, मूळ गोव्याचे दिनेश डिसूझा यांनी २० हजार डॉलर असेच इतरांकरवी दिले, २०१४ मध्ये गुन्हा कबूल केला आणि ट्रम्प यांनी २०१८ मध्ये माफी दिली. दुसरी चूक : स्वतःच्या कंपनीच्या खात्यातून चेक. कॉर्पोरेशनला उमेदवाराला देणगी देता येत नाही; कॉर्पोरेशन म्हणून कर भरणाऱ्या एलएलसीलाही नाही. तिसरी : मंडळाच्या नावाने. तुमचे महाराष्ट्र मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करसवलत असलेली धर्मादाय संस्था, असेल तर देणगी किंवा जाहीर पाठिंबा, दोन्ही बंद. गणेशोत्सवाच्या मंचावरून एकाच उमेदवाराला मत द्या म्हणणे करसवलत धोक्यात आणते.

दोघेही पात्र असतील तर पती-पत्नीची मर्यादा वेगवेगळी असते, एकाचीच कमाई असली तरी.

उमेदवाराच्या बोलण्याची पडताळणी कशी करायची?

एफईसीच्या संकेतस्थळावर उमेदवाराचे नाव टाका. अध्यक्षपदाच्या उमेदवाराचा क्रमांक ‘पी’ने सुरू होतो आणि समितीचा ‘सी’ने. मुख्य समितीचा फॉर्म ३पी उघडा आणि २०० डॉलरपर्यंतच्या, म्हणजे नाव न नोंदवलेल्या, देणग्यांची रक्कम एकूण रकमेशी ताडून पाहा. मग त्याच उमेदवाराशी जोडलेल्या संयुक्त समित्या पाहा, कारण मोठे चेक तिथे असतात. शेवटी त्याच्या बाजूने आणि विरोधात झालेला स्वतंत्र खर्च पाहा.

तारखांकडे लक्ष हवे. निवडणूकपूर्व अहवालात मतदानाच्या २० दिवस आधीपर्यंतचाच हिशेब असतो. त्यानंतर उगवलेल्या सुपर पॅकने काय खर्च केला ते २४ तासांत कळते, पण पैसा कोणी दिला हे निकालानंतरच. आणि देणगीदार म्हणून एखादी ५०१(सी)(४), म्हणजे करमुक्त ‘समाजकल्याण’ संस्था दिसली तर तिथे माग संपतो. तिच्यामागची नावे जाहीर होत नाहीत. ‘डार्क मनी’ म्हणतात तो हाच.

तक्रार केली तर एफईसी कारवाई करते का?

सहा आयुक्त, एका पक्षाचे जास्तीत जास्त तीन, आणि निर्णयाला चार मते. ३-३ झाले की प्रकरण बंद पडते. चार आयुक्तच नसले तर कोरमच होत नाही. २००८, २०१९-२० आणि पुन्हा मे २०२५ मध्ये असे झाले. रिकाम्या जागा भरायला नावे सुचवणे हे पूर्णपणे अध्यक्षाचे काम आहे. तरी ‘एफईसीवर कोणाला आणि कधी नेमणार’ हे उमेदवारांच्या जाहीरनाम्यात शोधून पाहा, क्वचितच सापडेल.

चुकून मर्यादेपेक्षा जास्त दिले तर?

प्रचार समितीला लगेच लेखी कळवा. जादा रक्कम परत करायला, किंवा तुमच्या लेखी संमतीने ती अंतिम निवडणुकीकडे वा जोडीदाराच्या नावे वळवायला, खजिनदाराला ६० दिवस असतात. बेकायदा स्रोताची देणगी कळल्यापासून ३० दिवसांत परत करावी लागते. ऑनलाइन देताना ‘दर महिन्याला’चा चौकोन आधीच टिक केलेला नाही ना, तेवढे बघा; जास्तीच्या देणग्या बऱ्याचदा तिथूनच येतात.